उसन्या चिंध्या

जुने कपडे देऊन भांडे घेण्याचा व्यवहार मराठी वाचकाला नवा नाही. दारावर आलेली बोहारीण साडी उलगडून उजेडात धरते, विरलेली जागा शोधते आणि मग घासाघीस सुरू होते. हेन्री मेह्यूने लंडनच्या कष्टकऱ्यांविषयी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असाच व्यवहार करणारे फेरीवाले भेटतात. चिनी मातीची भांडी द्यायची आणि अंगावरून उतरलेले कपडे घ्यायचे, हा त्यांचा धंदा. ते कपडे हाउंड्सडिचच्या जुन्या बाजारात जात आणि तेथून डागडुजी होऊन अधिक गरिबांच्या अंगावर चढत. पुढच्या दोन-तीन दशकांत फाटक्या कपड्याला आणखी एक उपयोग सापडला. तो अंग झाकण्यासाठी नव्हे, तर छायाचित्रात दिसण्यासाठी वापरला जाऊ लागला.

आज फॅशनच्या छायाचित्रांसाठी जुन्या बाजारातून कपडे निवडून आणणे हे प्रतिष्ठेचे काम मानले जाते. या कामाचा इतिहास सहसा १९८०च्या दशकातील नियतकालिकांपासून सांगतात. माझ्या मते तो शंभर वर्षे मागे न्यायला हवा, कारण त्यातील नैतिक प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता.

ऑस्कर रेयलँडर या स्वीडिश वंशाच्या छायाचित्रकाराने १८६०च्या सुमारास चिंध्या पांघरून, गुडघ्यांत डोके खुपसून बसलेल्या एका मुलाचे छायाचित्र घेतले. 'पुअर जो' या नावाने ते ओळखले जाते आणि ते नाव डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'मधील रस्ता झाडणाऱ्या जोची आठवण करून देते. दृश्य मात्र रस्त्यावरचे नव्हते; ते रचलेले होते. तरीही बेघर मुलांच्या मदतकार्यासाठी ते पुढे दीर्घकाळ वापरले गेले. कादंबरीतील जो काल्पनिक आहे हे वाचकाला ठाऊक असते. छायाचित्रातील जोविषयी तसा करार प्रेक्षकाशी कोणी केला नव्हता.

हा करार नसणे किती गंभीर आहे, ते १८७७ साली उघड झाले. टॉमस बर्नार्डो यांनी १८७०मध्ये लंडनच्या पूर्व भागात अनाथ मुलांसाठी आश्रम काढला होता. मुलगा आश्रमात येण्यापूर्वीचा आणि नंतरचा, अशी छायाचित्रांची जोडकार्डे ते विकत आणि त्यातून निधी उभा राही. पहिल्या चित्रात लक्तरे, दुसऱ्यात स्वच्छ पोशाख. ही लक्तरे मुद्दाम रचलेली असतात, असा आरोप विरोधकांनी केला आणि प्रकरण लवादापुढे गेले. एका मुलीला अनवाणी, वर्तमानपत्रे विकताना दाखवले होते. प्रत्यक्षात तिने ती कधीच विकली नव्हती. बर्नार्डो यांचा बचाव साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल: चित्रातील मूल हे एक व्यक्ती नसून एका वर्गाचे प्रतिनिधी आहे. लवादाने त्यांना बहुतांश आरोपांतून मुक्त केले, पण ही 'कलात्मक कल्पिते' मात्र अनुचित ठरवली. खरे दारिद्र्य दाखवण्यासाठीही खोटी लक्तरे चालणार नाहीत, असा त्या निवाड्याचा आशय होता.

यानंतर १९८०च्या दशकातील लंडनकडे यावे. मधल्या शतकात जुन्या कपड्यांचा बाजार धर्मादाय दुकानांत शिरला होता. ऑक्सफॅमचे ऑक्सफर्डमधील पहिले कायमचे दुकान १९४७च्या अखेरीस सुरू झाले. १९८०मध्ये निघालेल्या 'द फेस' आणि 'आय-डी' या नियतकालिकांपाशी पैसा बेताचाच होता. तरुण स्टायलिस्टांनी बाजार, धर्मादाय दुकाने आणि लष्कराच्या जुन्या साठ्यांतून कपडे वेचले. जुलै १९९०च्या 'द फेस'मध्ये कोरिन डे यांनी सोळा वर्षांच्या केट मॉसची समुद्रकाठी घेतलेली छायाचित्रे छापून आली. त्यांची वेशयोजना मेलनी वॉर्ड यांची होती. जुन्या बाजारातील वस्तूंची निवड हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होते. सैल, वापरलेले कपडे आणि प्रसाधन जवळजवळ नसलेला चेहरा यांमुळे ही चित्रे त्या काळातील झगमगाटाला दिलेले उत्तर वाटली. ती प्रामाणिक वाटली, आणि काही अंशी होतीही.

पण त्या प्रामाणिकपणाला लवकरच बाजारभाव आला. मार्क जेकब्स यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर दोन डॉलरना घेतलेला फ्लॅनेलचा शर्ट इटलीला पाठवून त्याची रेशमी नक्कल करवून घेतली. १९९२च्या अखेरीस सादर झालेल्या त्या संग्रहानंतर 'पेरी एलिस'मधील त्यांची नोकरी गेली, पण संग्रह गाजला. गरिबाचा शर्ट श्रीमंताला परवडेल इतका महाग झाला.

बर्नार्डो यांची कार्डे आणि ही फॅशनची पाने शेजारी ठेवली तर एक फरक जाणवतो. फॅशनचे चित्र सत्याचा दावा करीत नाही, म्हणून त्याच्यावर लवाद बसत नाही. मात्र त्याला हवा असतो तो सत्याचाच परिणाम: झिजलेली कॉलर, ढिले पडलेले कोपर, दुसऱ्या कोणाच्या तरी शरीराने कापडाला दिलेला आकार. तो आकार देणारा माणूस चित्रात कोठेच नसतो. नव्या कपड्याखाली कंपनीचे नाव आणि किंमत छापतात. जुन्या कपड्याखाली छापण्यासारखे नावच उरलेले नसते.

दुसरा फरक अधिक बोचरा आहे. चित्रीकरण संपल्यावर मॉडेलला ते कपडे उतरवून ठेवता येतात. हाउंड्सडिचच्या गिऱ्हाइकाला ती सोय नव्हती. निवड आणि नाइलाज छायाचित्रात अगदी सारखे दिसतात, आणि त्यांतला भेद कॅमेरा आपणहून सांगत नाही. वास्तववादी कथेतील तपशील वाचताना तो कोणाच्या आयुष्यातून आणला, असे आपण विचारतो. फाटक्या कपड्यातील छायाचित्रालाही तोच प्रश्न विचारायला हवा. १८७७च्या लवादाला तो सुचला होता. आपण तो विचारणे सोडून दिले, ते केवळ चित्रे देखणी झाली म्हणून.