शोभेचे बांबू
तृणकुलातील (पोएसी) बांबूंपैकी बागेत शोभा, आडोसा किंवा कुंपण यांसाठी लावले जाणारे प्रकार. निवडीत काठीच्या रंगाआधी मूलक्षोडाच्या (जमिनीखालील खोडाच्या) वाढीची रीत पाहतात.

वाढीची रीत : बॅम्बुसा व डेंड्रोकॅलॅमस या प्रजातींचे मूलक्षोड आखूड व जाड असते, नवे कोंब जुन्या काठ्यांलगत येऊन बेट तयार होते. फायलोस्टॅकिस प्रजातीचे मूलक्षोड लांब धावते आणि कोंब दूरवर, शेजारच्या आवारातही, निघतात. लहान बागेत बेट करणारेच बांबू सोयीचे. धावणारा लावायचाच, तर मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत पक्का अडसर घालून लावावा.

प्रकार : दाट कुंपणासाठी बॅ. मल्टिप्लेक्स उत्तम, तो छाटणी सोसतो. त्याच्या ‘आल्फोन्स कार’ या वाणाच्या पिवळ्या काठ्यांवर हिरव्या रेघा असतात. बागांत सर्रास दिसणारा पिवळा बांबू (बॅ. व्हल्गॅरिस ‘व्हिट्टाटा’) १० मी. किंवा अधिक वाढतो. तो भिंतीलगत लावू नये. ‘बुद्ध बेली’ची कांडी कुंडीत फुगीर होतात, मोकळ्या जमिनीत, भरपूर पाण्यावर हा फुगीरपणा बहुधा राहत नाही. काळ्या काठ्या हव्या असल्यास उष्ण हवेत तिमोरचा बॅ. लाको निवडावा. चिनी काळा बांबू (फा. नायग्रा) थंड प्रदेशातला आणि धावणारा आहे. कोकण-गोव्यातील माणगा (डें. स्टॉक्सिआय) बिनकाटेरी व भरीव असून त्याचे बेट मोकळे राहते, त्यामुळे काठ्या काढणे सोपे जाते. कळक (बॅ. बॅम्बॉस) काटेरी व प्रचंड वाढणारा, म्हणून घरालगत नको, शेताच्या बांधाला चालतो. ‘लकी बांबू’ (ड्रॅसेना सँडेरियाना) हा बांबूच नव्हे.

लागवड व निगा : पावसाळ्याच्या आरंभी कंद किंवा रोपे लावतात. पाणी साचणारी जागा टाळावी. कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. पुढे काठी जाडीने वाढत नाही. तीन वर्षांवरील काठ्या पावसाळ्यानंतर काढून बेट विरळ ठेवतात.

फुलोरा : मानवेल (डें. स्ट्रिक्टस), कळक इत्यादी जाती अनेक दशकांनी एकदाच फुलतात व बी धरून मरतात. बेटातून काढलेला कंद मूळ बेटाचेच वय घेऊन येतो. जुन्या बेटाचा कंद नव्या बागेत लवकरच फुलून वाळू शकतो. अशा जातींची बियांपासून केलेली रोपे अधिक काळ टिकतात.