खात्यांची वाटणी आणि आपला बचत गट



जमिनीची वाटणी आपल्या सगळ्यांच्या बघण्यातली आहे. किती गुंठे आले यावर भांडण कमीच होतं. पाटाखालचं रान कुणाला आणि माळ कुणाला, यावरच भाऊबंद हातघाईवर येतात. अनेक पक्षांचं सरकार बनतं तेव्हा मंत्रिमंडळातही हेच घडतं. गृह, अर्थ, महसूल ही पाटाखालची रानं. ती कुणी कुणाला सोडत नाही.

आपल्या विधानसभेत २८८ आमदार. सरकार बनवायला १४५ लागतात. १९७८ साली हा आकडा कुणालाच गाठता आला नाही. जनता पक्षाला ९९ जागा, एका काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. मग दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या. एकीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, दुसरीचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्रात उपमुख्यमंत्रिपद आलं ते असं, वाटणीतून. तरी संसार चार महिनेच टिकला.

१८ जुलै १९७८ ला शरद पवार मुख्यमंत्री झाले, ते पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे 'पुलोद'चे. या मंत्रिमंडळात जनसंघातून आलेले हशू अडवाणी होते आणि शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटीलही होते. आपल्या कोल्हापूरला एन. डी. सर टोलच्या आंदोलनामुळे जास्त आठवतात, पण तेव्हा ते सहकारमंत्री होते. कारखाने, सोसायट्या, दूध संघ यांच्या या मुलखात सहकार हे खातं काय आहे, हे मी सांगायला नको. याच सरकारच्या काळात, २६ जानेवारी १९७९ पासून, रोजगार हमीचा कायदा लागू झाला. मूळ कल्पना वि. स. पागे यांची आणि कायदा आधीच्या सरकारनं केलेला. अंमल मात्र पुलोदच्या काळात सुरू झाला. त्या कामांवर पाटी उचलणाऱ्यांत बायका किती होत्या, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. फेब्रुवारी १९८० मध्ये दिल्लीनं हे सरकार बरखास्त केलं.

पुढे वाटणीची रीतच पडली. १९९५ ला शिवसेनेचे मनोहर जोशी मुख्यमंत्री, तर भाजपचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहखातं त्यांच्याकडे. १९९९ ला काँग्रेसचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री, राष्ट्रवादीचे छगन भुजबळ उपमुख्यमंत्री, आणि गृह पुन्हा उपमुख्यमंत्र्यांकडेच. सगळ्यांना खूश ठेवायचं म्हणून मंत्री वाढत गेले. २००३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन आमदारांच्या संख्येच्या १५ टक्के ही मर्यादा आली. आपल्या राज्यात ती ४३ होते.

आता आपल्या गटाचं बघू. 'उमेद' ग्रामविकास खात्याखाली. 'माविम' आणि अंगणवाडी महिला व बालविकासाखाली. आशाताई सार्वजनिक आरोग्याखाली. बाई एकच, पण दारं तीन. २०१४ च्या युती सरकारात ग्रामविकास आणि महिला व बालविकास ही दोन्ही खाती पंकजा मुंडे यांच्याकडे होती. २०१९ ला महाविकास आघाडी आली आणि ही जोडी फुटली. ग्रामविकास राष्ट्रवादीच्या हसन मुश्रीफांकडे, म्हणजे आपल्या कागलला, महिला व बालविकास काँग्रेसच्या यशोमती ठाकूर यांच्याकडे, मुख्यमंत्री शिवसेनेचे. ४३ जणांत बायका तीन.

२०२२ साली तर ९ ऑगस्टला १८ मंत्र्यांनी शपथ घेतली आणि त्यात एकही बाई नव्हती. महिला व बालविकास खातंसुद्धा पुरुषाकडे. २ जुलै २०२३ ला अदिती तटकरे यांनी शपथ घेतली तोवर, जवळजवळ वर्षभर, मंत्रिमंडळाच्या बैठकीत बाई मंत्रीच नव्हती. याची हवी तेवढी चर्चा गावात झाली नाही, असं मला वाटतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, जर्मनीत तीन पक्षांचं सरकार आलं होतं. प्रमुख ओलाफ शोल्त्स सोडले तर १६ मंत्री, त्यांत ८ बायका. आणि खाती कुठली? परराष्ट्र, गृह, संरक्षण तिन्ही बायकांकडे. म्हणजे पाटाखालचं रान. तेही सरकार शेवटी तिजोरीवरूनच फुटलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये शोल्त्स यांनी मित्रपक्षाच्या अर्थमंत्र्यांना काढलं. भांडण तिकडेही सुटलेलं नाही, पण वाटणीला बसताना बायकांना निम्मं पान वाढलं होतं. आपल्याकडे आजवर एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही.

डिसेंबर २०२४ चं मंत्रिमंडळ ४२ जणांचं झालं, त्यात बायका चार. पंकजा मुंडे यांच्याकडे पर्यावरण आणि पशुसंवर्धन. आपल्या म्हशींचा दवाखाना त्यांच्या खात्यात आला. अदिती तटकरे यांच्याकडे महिला व बालविकास. माधुरी मिसाळ आणि मेघना बोर्डीकर राज्यमंत्री. आपली तिन्ही दारं मात्र तीन पक्षांत वाटली गेली: ग्रामविकास भाजपकडे, महिला व बालविकास राष्ट्रवादीकडे, आरोग्य शिवसेनेकडे.

याचा अनुभव सांगते. आमच्या एका ग्रामसंघाचं निवेदन दोन कार्यालयांत महिनोन् महिने फिरत राहिलं. हे म्हणे त्यांचं, ते म्हणे यांचं. तेव्हापासून आम्ही निवेदनाच्या माथ्यावर खात्याचं नाव आधी लिहितो, मंत्र्यांचं नंतर, आणि एक प्रत पालकमंत्र्यांना. तिथंही वाटणी आहेच. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्याला पालकमंत्री शिवसेनेचे प्रकाश आबिटकर मिळाले आणि सहपालकमंत्री भाजपच्या माधुरी मिसाळ. म्हणून प्रती दोन काढायच्या.