बॉनेटखालचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकात पानिपत असतं, तहाची कलमं असतात, कुठल्या राजाला किती राण्या होत्या हेसुद्धा असतं. पण खंडाळ्याच्या घाटात, भर उन्हात, बॉनेट वर करून आत डोकं घातलेला मराठी माणूस कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. वास्तविक १९५४ पासून २००० पर्यंत, म्हणजे चांगली सेहेचाळीस वर्षं, त्यानं हा लढा दिला. समोर शत्रू म्हणजे १०८९ सी.सी.चं इंजिन, हातात दहा-अकराचा पाना, आणि पिछाडीला, म्हणजे मागच्या सीटवर, बायको, दोन मुलं, सासूबाई आणि दशम्यांचा डबा. एवढी पिछाडी सांभाळून लढणं भल्याभल्या सेनापतींना जमलेलं नाही.

मूळ पुरुष सोलापूरचा. वालचंद हिराचंद. या गृहस्थांनी जहाजं चालवली, साखर केली, बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं कामही त्यांच्याच कंपनीकडे होतं. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ अशा धिप्पाड अमेरिकन गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. पुढं १९५३ साली सरकारनं ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणारे नकोत, इथं बनवणारे हवेत. जनरल मोटर्सचा मुंबईचा जोडणी-कारखाना १९२८ पासून चालू होता, त्यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी सोयरीक केली आणि १९५४ पासून 'फियाट अकराशे' आपल्या रस्त्यावर आली. वालचंदशेठ १९५३ सालीच वारले. ज्या घाटात त्यांनी आगगाडीची सोय केली, त्याच घाटात आपल्या मोटारींची गैरसोय पाहायला ते राहिले नाहीत.

१९६४ मध्ये या घराण्यात 'डिलाइट' आली. मग तिची 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. राष्ट्रपतीची राणी होण्याचं हे जगातलं एकमेव उदाहरण असावं. लोक मात्र अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले. सासरी नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात, त्यातला प्रकार. तिकडे इटलीनं १९६६ मध्ये हे मॉडेल मागं टाकलं. आपण मात्र तिला पुढं चौतीस वर्षं नांदवलं. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर तर १९५७ पासून २०१४ पर्यंत टिकली. तिसरी मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, १९६१ ची. झाली यादी. यातून हवी ती निवडा, असं म्हणायचीही सोय नव्हती. आधी पैसे भरून नंबर लावायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. १९६९ साली सरकारनं गाड्यांच्या किमती ठरवून दिल्या. परिणाम असा, की कोऱ्या गाडीपेक्षा वापरलेली गाडी महाग विकली जायची. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर डोकं धरलं. नंबर ज्यांचा लागला होता त्यांनी मात्र पेढे वाटले.

अशी नवसानं मिळालेली गाडी बिघडली म्हणून कोणी बदलतं काय? ती दुरुस्तच करायची. आणि घाटात गॅरेज नसतं. म्हणून मग बँकेतले कॅशियर, संस्कृतचे प्राध्यापक, दाताचे डॉक्टर असे सगळे सभ्य लोक हळूहळू फिटर झाले. लग्नाची तारीख विसरणारा माणूस इंजिनातल्या ठिणगीचा क्रम झोपेतसुद्धा घडाघडा म्हणायचा: एक, तीन, चार, दोन. फियाटचाही तोच, अँबॅसडरचाही तोच. प्लगच्या वायरी काढून परत लावताना हा मंत्र चुकला, तर गाडी सायलेन्सरमधून असा बार काढायची की बाजूचा बैल गाडीसकट उधळायचा.

या शास्त्राचं तत्त्वज्ञान मात्र सोपं होतं. शुद्ध द्वैत. इंजिन बंद पडलं की दोनच प्रश्न: पेट्रोल येतंय का? करंट येतोय का? यातूनच दोन पंथ निघाले. पेट्रोलपंथी माणूस उतरल्याबरोबर पंपाची नळी सोडायचा, कार्ब्युरेटरची जेट काढून तोंडानं फुंकायचा आणि 'कचरा आला' असं जाहीर करायचा. करंटपंथी डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडून पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचा. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी हवी. ती मोजायला गेज असतं, पण ते घरी राहिलेलं असल्यामुळे पोस्टकार्डाचा तुकडा चालायचा. प्लगच्या फटीला हॅक्सॉ ब्लेड. शैव-वैष्णवांमध्येही झाले नसतील एवढे वाद या दोन पंथांत झाले. रस्त्यात गाडी बंद पडली की एक स्कूटरवाला थांबे, तो हमखास विरुद्ध पंथाचा निघे. मग गाडी राही बाजूला आणि ते दोघे, एकाचे हात काळे आणि दुसऱ्याचे अजून पांढरे, निम्मा तास सिद्धान्त मांडत बसत.

घाटातला खरा शत्रू निराळा. चढावर इंजिन तापतं. पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच कुशीला, त्यामुळे आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पातळ द्रव ढकलायला केलेला तो बिचारा पंप वाफ काही ढकलू शकत नाही. गाडी दोन आचके देते आणि थांबते. उपाय एकच: फडकं ओलं करून पंपावर ठेवायचं आणि वाट पाहायची. घाटाच्या कडेला एका रांगेत पाच-सहा गाड्या, प्रत्येकीच्या इंजिनावर ओली पट्टी, आणि शेजारी काळजीत उभे नातेवाईक, हे दृश्य तापाच्या साथीतल्या सरकारी वॉर्डासारखं दिसायचं. पट्टी न ठेवता नुसतं वीस मिनिटं चहा प्यायलं, तरी पंप थंड होऊन गाडी चालू व्हायची. त्यामुळे काही मंडळींची अजून अशी श्रद्धा आहे की गाडी चहानं बरी होते.

आजीबाईचा बटवाही होता. रेडिएटर ठिबकायला लागला तर आत हळद टाकायची. हळदीची पूड बारीक भोकात जाऊन बसते आणि मुक्कामापर्यंत निभतं. पेट्रोलची टाकी गळाली तर कपड्यांचा साबण मळून चोळायचा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पावसात वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू नाहीतर कापलेला बटाटा. फॅनबेल्ट तुटला तर नायलॉनची दोरी. युरोपात म्हणे अशा वेळी बाईसाहेबांचा लांब पायमोजा बांधत. आपल्या बाईसाहेबांकडे पायमोजा नव्हता, पण हळद, साबण, तंबाखू आणि बटाटा एवढं सामान बाळगणारं कुटुंब आपल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या देशात असणार!

यातली प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. १९७९ च्या जुलैत मामींचे दिवस भरले होते. मामा भोरला वकिली करत. रात्री साडेनऊला कळा सुरू झाल्या, आणि भोरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, 'मूल आडवं आहे, पुण्याला न्या.' मामांची गाडी तिसऱ्या हातची होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. दोष पावसाचा होता, उगाच कुणाच्या माथी कशाला मारा. मागं मामी आणि आजी, पुढं मामा आणि मी. मी तेरा वर्षांचा. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम.

कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे पाण्याचा असा लोंढा आला की गाडी खोकली आणि गप्प झाली. सेल्फ मारला, इंजिन फिरत होतं पण धरत नव्हतं. मामा पेट्रोलपंथी. पण त्या रात्री त्यांनी पंपाला हात लावला नाही. 'पाणी शिरलंय, करंटच असणार,' म्हणाले आणि उतरले. मागून दुधाचा ट्रक आला, थांबला. ड्रायव्हर छत्री घेऊन आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, 'आमच्या डिझेलमध्ये हे झेंगटच नसतं बघा, साहेब. ठिणगीच नाही तर भिजणार काय?' एवढं ज्ञान देऊन तो छत्री धरून उभा मात्र राहिला.

डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडली तर आत थेंब. पुसायला कोरडं काहीच नाही. मामांचा शर्ट ओला, धोतर ओलं, फडकं तर केव्हाचं ओलं. मागून आजीचा हात आला. हातात दुपटं. तिनं दोन महिने बसून जुन्या लुगड्याची शिवलेली सहा दुपटी पिशवीत मेणकापडात बांधून आणली होती.

'आई, बाळाचं आहे हो ते,' मामी तशातही म्हणाल्या.

'बाळासाठीच वापरतोय. पूस रे तू,' आजी म्हणाली.

'बॅटरी नीट धर!' मामा माझ्यावर ओरडले. माझा हात थरथरत होता. एका दुपट्यानं टोपी आतून पुसली, दुसऱ्यानं वायरी, तिसऱ्यानं कॉइल. टोपी बसवली, क्लिपा लावल्या. तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. ट्रकवाला पार कात्रजपर्यंत मागं मागं येत होता, ते मला नंतर मामांनी सांगितलं. पुण्यात शस्त्रक्रिया झाली आणि पहाटे मुलगी झाली. डॉक्टरांनी नंतर मामांना बाजूला घेऊन किती वेळ उरला होता ते सांगितलं. तो आकडा मामांनी आजतागायत कोणाला सांगितलेला नाही. काळ्या डागांची तीन दुपटी आजीनं धुतली, पण डाग काही गेले नाहीत. माझ्या त्या मामेबहिणीचं सगळं बाळपण त्याच दुपट्यांत गेलं.

विषय गंभीर झाला. धक्क्याकडे वळू. 'धक्का मारणे' या विषयावर समाजशास्त्रात एखादा प्रबंध व्हायला हवा. बॅटरी उतरली की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, क्लच दाबायचा आणि बाकीच्यांनी ढकलायचं. स्टिअरिंगवर कोण बसणार हे ठरलेलं असे: ज्याच्या नावावर गाडी. ढकलायला जावई असला तर त्यानं 'मी ढकलतो' म्हणायचं आणि सासऱ्यांनी 'छे छे, तुम्ही कशाला' म्हणून ढकलू द्यायचं. शेजारी उत्साहानं येत. गाडी सुरू झाली की मालक वेग कमी करायला घाबरे, न जाणो परत बंद पडली तर! त्यामुळे ढकलणारी सगळी वरात चपला सावरत पन्नास पावलं मागं धावायची.

सुट्या भागांसाठी मुंबईत चोरबाजार, पुण्यात नाना पेठ. जुनी गाडी घेताना जाहिरातीत 'पारशी मालकाची' असे दोन शब्द असले की किंमत चढायची, कारण पारशी बावाजी गाडीला पोटच्या पोरीसारखं जपतात असा सार्वत्रिक समज. त्या काळी पारशी मालकाच्या म्हणून जेवढ्या गाड्या विकल्या गेल्या, तेवढे पारशी मुंबईत असतील असं वाटत नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती मालकाच्या हाती गेली आणि वारं फिरलं. ती गाडी सकाळी चावी लावली की सुरू व्हायची. अनेक अनुभवी मालकांना हे जरा अपमानास्पदच वाटलं. पुढं २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला, पॉइंट तर आधीच गेले होते. २००२ पासून द्रुतगती महामार्गानं घाटसुद्धा वेगात चढता येऊ लागला. मामेबहिणीच्या हल्लीच्या गाडीत बिघाड झाला की एक पिवळा दिवा लागतो. तो दिवा कशाचा हे सांगायला लॅपटॉप लागतो, आणि तो लॅपटॉप तिच्याकडे नसतो. ती फोन करते आणि गाडीत बसून राहते. मामा एकदा तिच्याबरोबर होते. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. आत सगळं काळ्या प्लास्टिकनं झाकलेलं. मामांनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं आणि 'अगं, इंजिन कुठाय?' असं विचारलं.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रात फोटो आले, लोक हळहळले. त्यांतले बरेच जण तिच्यात बसून कधीतरी दार धरून बसले होते, कारण ते वळणावर उघडायचं.

मामांच्या माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अजून सहा प्लग, पॉइंटचे दोन सेट आणि पोस्टकार्डाचा एक तुकडा आहे. मामींनी तो डबा दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढला. दोन्ही वेळा मामांनी परत घेतला. म्हणाले, 'राहू दे. साफ केले की चालतील.'