चोकबेरी

(ॲरोनिया, कुल : रोझेसी, म्हणजेच गुलाब कुल). पूर्व उत्तर अमेरिकेतील पानझडी झुडपांची प्रजाती. फळ इतके तुरट की जीभ आणि घसा आखडतो; चोकबेरी हे नाव त्यावरूनच पडले. हा गुण टॅनिनवर्गीय द्रव्यांचा असून तो विषारी नाही. पोटावाटोमी आणि अबेनाकी या मूळ रहिवाशांच्या आहारात हे फळ होते.

रानात झुडूप ओळखताना बहुतेक जण आधी फळाचा रंग पाहतात. खरी खूण पानावर असते. पाने साधी, एकाआड एक, कडेला बारीक दातेरी. वरच्या बाजूने मध्यशिरेवर काळपट, बारीक ग्रंथींची रांग दिसते. भिंग असले तर उत्तम, पण नुसत्या डोळ्यांनाही ती सापडते, आणि फुले-फळे नसतानाही उपयोगी पडते. वसंतात पांढरी किंवा किंचित गुलाबी, पाच पाकळ्यांची फुले गुच्छांनी येतात. पुंकेसरांची टोके गुलाबी असतात. फळ वाटाण्याएवढे, रचनेने ते इवलेसे सफरचंदच आहे. टोकाला वाळलेल्या निदलपुंजाचा मुकुट, आत लहान बिया. कठीण आठळी नाही.

तांबडी चोकबेरी (ॲ. अर्बुटिफोलिया) दोन ते चार मीटर उंच वाढते. तिच्या कोवळ्या फांद्यांवर व पानांच्या खालच्या बाजूस दाट लव असते. लाल फळे हिवाळ्यातही झुडपावर टिकतात. काळी (ॲ. मेलॅनोकार्पा) बुटकी व जवळजवळ लवरहित असून तिची काळी फळे पिकल्यावर लवकर गळतात. जांभळी (ॲ. प्रुनिफोलिया) या दोघींच्या संकरातून आलेली आहे. ती दोन्ही जनक जाती जवळपास नसलेल्या ठिकाणीही वाढते, त्यामुळे तिला नुसता संकर म्हणावे की स्वतंत्र जात, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचे एकमत नाही. लव मधल्या प्रमाणात आणि फळ काळपट जांभळे असेल तर हिची शक्यता धरावी.

तांबडीचा भर अटलांटिक व मेक्सिकोच्या आखातालगतच्या किनारी मैदानांवर आहे : दलदली, ओढ्याकाठची ओली राने, न्यू जर्सीतील पाइनच्या रेताड, आम्लधर्मी जमिनी. काळी न्यू फाउंडलंडपासून महासरोवरांच्या प्रदेशापर्यंत आणि अ‍ॅपलॅशियन पर्वतरांगेतून दक्षिणेकडे पसरली आहे. दलदलीत तर ती आढळतेच, पण उघड्या खडकांवर आणि सरोवरकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरही तग धरते. म्हणून केवळ कोरडी जागा पाहून चोकबेरीची शक्यता सोडून देऊ नये. मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांमुळे एका झुडपाची बघता बघता जाळी होते. शरद ऋतूत ती लालभडक दिसते.

नावातील साम्यामुळे चोकचेरीशी (प्रूनस व्हर्जिनियाना) होणारी गल्लत मात्र धोक्याची आहे. चोकचेरीची फुले लांबट मंजिऱ्यांत येतात, ग्रंथी पानाच्या देठावर असतात आणि फळात एकच कठीण आठळी असते. तिच्या पानांतून आणि आठळीतल्या बीमधून सायनाइड निर्माण होऊ शकते. गुरांना तिच्या पानांपासून विषबाधा होते.

युरोपात आढळणारी चोकबेरीची झुडपे मूळची तिथली नव्हेत. रशियन फळसंवर्धक इव्हान मिचुरिन यांनी या वनस्पतीचा लागवडीसाठी उपयोग केला. त्यांच्या कामातून आलेले, रोवन या झाडाशी संकर झालेले मानले जाणारे मोठ्या फळांचे वाण पूर्व युरोपभर पसरले. पोलंड आज मोठा उत्पादक आहे. बागांतून निसटलेली झुडपे तिथल्या रानांतही रुजली आहेत.