सारा आणि हप्ता

रायपूरहून नागपूरच्या दिशेने आगगाडी निघाली की तासाभराच्या आतच भिलईची धुराडी दिसू लागतात. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, त्यांचे बांध, मधूनच एखादे तळे आणि त्यांच्यापलीकडे पोलादाचा तो प्रचंड पसारा. एवढा पैसा आला कोठून आणि तो फेडला कसा, हा प्रश्न प्रवाशाच्या मनात सहसा येत नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे, तर आरंभ भिलईपासून नव्हे, रायपूरच्या एका जुन्या सरकारी कामापासून करावा लागेल.

१९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात रायपूर जिल्ह्याच्या जमीन महसुलाची फेरआकारणी चालू होती. त्या कामावर सेटलमेंट अधिकारी होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले देशमुख सनदी नोकर म्हणून मध्यप्रांतात आले होते. छत्तीसगढचा शेतकरी आपली जमीन चार नावांनी ओळखतो : काळी कसदार कन्हार, मध्यम प्रतीची डोरसा, पिवळसर मटासी आणि मुरमाड भाठा. कन्हारीचा सारा भाठ्यावर बसविला, तर शेतकऱ्याला सावकाराचे दार धरावे लागते. तेव्हा सरकारला हवे किती, एवढेच पाहून भागत नाही. मातीला झेपेल किती, हेही पाहावे लागते. आकारणीच्या शास्त्राचे सार एवढेच आहे.

हेच देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा सर जेरेमी रेसमन यांच्या नेतृत्वाखालील हिंदी शिष्टमंडळात ते होते. परिस्थिती विलक्षण होती. हिंदुस्थान परतंत्र होता, पण धनकोही होता. युद्धकाळात पुरविलेल्या मालापोटी इंग्लंडकडे साचलेली आपली रक्कम युद्ध संपेतो शंभर कोटी पौंडांच्या पलीकडे गेली. ती मोकळी करून घेण्याची आपली मागणी त्या परिषदेत मान्य झाली नाही. मात्र मागासलेल्या देशांचा विकास हाही नव्या संस्थांचा विषय असला पाहिजे, हा आग्रह हिंदी प्रतिनिधींनी तेथे आवर्जून मांडला. तेथेच जन्मलेल्या जागतिक बँकेने १९४९ साली आपल्या रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलरचे पहिले कर्ज दिले.

सोविएत रशिया ब्रेटन वुड्सला हजर होता. पुढे मात्र तो त्या संस्थांबाहेर राहिला. भिलईचे कर्ज आले ते याच बाहेर राहिलेल्या देशाकडून. २ फेब्रुवारी १९५५ रोजी दोन्ही सरकारांत करार झाला. देशमुख तेव्हा भारताचे अर्थमंत्री होते, आणि भिलई ज्या राज्यात होती त्याची राजधानी अजून नागपूर होती. तेथील मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल हे रायपूरचे. कारखाना छत्तीसगढात यावा म्हणून ते झटले होते. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना, साठ कोटी रुपयांहून अधिक कर्ज, व्याज शेकडा अडीच आणि फेड बारा वार्षिक हप्त्यांत, असा तो व्यवहार होता. मुख्य सोय अशी की, हप्ता रुपयांत भरावयाचा आणि त्या रुपयांतून रशियाने भारतीय माल घ्यावयाचा. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला हा सारा झेपणारा होता. याच सुमारास रूरकेल्याला जर्मनीचे आणि दुर्गापूरला इंग्लंडचे साहाय्य घेण्यात आले. एकाच सावकाराच्या ओसरीवर न बसण्याचे शहाणपण सरकारने दाखविले.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशमुख तेव्हा मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीच त्यांनी राजीनामा दिला होता.

कर्जाचे हप्ते कधीच फिटले. पण दुसरा एक हिशेब त्या करारात नव्हता. कारखान्यासाठी खाचरे गेली, गावे उठली. तांदुळा जलाशय शेतीसाठी बांधलेला. त्याचे पाणी भट्ट्यांकडेही वळले. दल्ली-राजहरा येथील लोहखाणींत हंगामी मजुरांना न्याय्य मजुरीसाठी १९७७ पासून झगडावे लागले. त्यांचे पुढारी शंकर गुहा नियोगी यांचा १९९१ साली भिलईत खून झाला. ज्या डोंगरांच्या भरवशावर हे पोलाद उभे राहिले, त्यांतील खनिजही सरत आले आणि कारखान्याला दक्षिणेकडे रावघाटच्या डोंगरांकडे वळावे लागले.

पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता साधलेला तो शाश्वत विकास, ही व्याख्या जगाने १९८७ साली स्वीकारली. अशा विकासाला पैसा कोठून आणावा, याची चर्चा २०१५ साली अदिस अबाबाला सर्व राष्ट्रांनी केली. व्याज किती आणि मुदत किती, हे प्रश्न तेथेही होते, आणि ते योग्यच आहेत. पण रायपूरच्या बांधावर विचारला जाणारा प्रश्न त्यांहून जुना आहे : या मातीला झेपेल किती? भिलईच्या करारात तो तिजोरीपुरता विचारला गेला आणि त्याचे उत्तर बरोबर आले. खाचर, खाण आणि खाणीतला मजूर यांच्यापुरता तो विचारावयाचा राहून गेला. यापुढे कोणत्याही करारावर सरकारची सही होण्यापूर्वी हे दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडले जावेत, एवढीच अपेक्षा आहे.