रत्नागिरीतील तातडीची रुग्णसेवा : डोलीपासून १०८पर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यातील तातडीच्या रुग्णसेवेचा इतिहास जिल्ह्याच्या भूगोलाने घडवला आहे. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांच्या दूरवर आत शिरलेल्या खाड्या, अशी इथली रचना. गावे वाड्यावाड्यांत विखुरलेली. वाडीतून खाली उतरायला पाखाडी, वहाळ ओलांडायला साकव आणि खाडी पार करायला तर. अशा मुलखात आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत नेणे हेच उपचारातले सर्वांत अवघड काम होते.

हे काम वाडी करत असे. बांबूला घोंगडी किंवा चादर बांधून झोळी केली जाई, नाहीतर खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू आवळून डोली केली जाई. आळीपाळीने खांदा देणारे गडी पायवाटेने रुग्णाला मोटाररस्त्यापर्यंत आणत. त्याची मजुरी कोणी मागत नसे. आज एकाच्या घरी तर उद्या दुसऱ्याच्या, हा हिशेब सर्वांना ठाऊक होता. जिल्ह्यातील कर्ते पुरुष मोठ्या संख्येने मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत असल्यामुळे गावात खांदेकरी कमी पडत. त्याची भरपाई चाकरमानी वेगळ्या रीतीने करत. मुंबईतील ग्रामस्थ मंडळे वर्गणी काढून गावच्या पाखाडीसाठी, साकवासाठी, रस्त्यासाठी पैसे पाठवत. किनाऱ्यावरच्या गावांना होडी आणि मचव्याचा आधार होता. मुंबईकडे जाणाऱ्या आगबोटी मात्र पावसाळ्यात बंद असत आणि नद्यानाल्यांना पूरही तेव्हाच येई. त्यामुळे पावसाळ्यातले दुखणे सर्वांत धोक्याचे ठरे.

राज्यात १९४८ साली एसटी सुरू झाली. कोकणच्या गावांत ती जसजशी पोचली, तसा डोलीचा प्रवास आखूड झाला. गावात मुक्कामाला थांबणारी एसटी, गावातली एखादी जीप किंवा मासळीचा टेम्पो हीच पुष्कळ काळ रुग्णाची गाडी होती. खाड्यांचा वळसा त्याहून उशिरा कमी झाला. दाभोळ आणि धोपावे यांच्या दरम्यान २००३ साली वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली, तेव्हा दापोली आणि गुहागर या दोन तालुक्यांमधला लांबचा फेरा वाचला.

शेजारधर्माने चाललेल्या या कामाला शिक्षणाची जोड बाहेरून मिळाली. सेंट जॉन अँब्युलन्स ही संस्था १८७७ साली इंग्लंडमध्ये निघाली आणि तिचे प्रथमोपचाराचे वर्ग पुढे भारतातही भरू लागले. इंडियन रेडक्रॉस सोसायटी १९२०च्या कायद्याने स्थापन झाली. होमगार्डची सुरुवात डिसेंबर १९४६मध्ये मुंबईत झाली. महाविद्यालयांत १९६९पासून राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) आली आणि विद्यार्थ्यांना शिबिरांतून गावांशी जोडणारी वाट खुली झाली. रक्तस्राव थांबवणे, मोडलेल्या हाडाला फळी बांधणे, मान न हलवता जखमीला उचलणे, ही कौशल्ये या वाटांनी सामान्य माणसांपर्यंत आली.

महामार्ग आणि रेल्वे यांनी गरजेचे रूप बदलले. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आताचा ६६, जिल्ह्याच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. कशेडी आणि परशुराम हे त्यावरचे अवघड घाट. याच महामार्गावर जगबुडी नदीच्या पुलावरून १९ मार्च २०१३ रोजी खासगी बस कोसळली आणि ३७ जणांचा मृत्यू झाला. कोकण रेल्वे जानेवारी १९९८मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. जून २००३मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४मध्ये करंजाडीजवळ तिचे मोठे अपघात झाले. हे दोन्ही अपघात शेजारच्या जिल्ह्यांत घडले, पण मार्ग एकच होता. अपघातासाठी सज्ज असलेली वैद्यकीय गाडी कोकण रेल्वे रत्नागिरीत ठेवते. महामार्गावर नाणीज येथील जगद्गुरू नरेंद्राचार्यजी महाराज संस्थानाच्या विनामूल्य रुग्णवाहिका धावतात. डोलीमागची वाडीची बांधिलकी इथे संस्थेच्या रूपात दिसते.

राज्य शासनाची १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली. आरंभी तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक उपकरणांच्या आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या होत्या. गाडीत पगारी डॉक्टर असतो, बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर, आणि चालकाला ‘पायलट’ म्हणतात. या रचनेत स्वयंसेवकाला गाडीत जागा उरली नाही. त्याचे काम गाडी येण्यापूर्वीच्या मिनिटांपुरते राहिले, पण ते नेमके झाले.

त्या मिनिटांना कायद्याचे संरक्षण उशिरा मिळाले. जखमीला उचलले तर पोलीस चौकशी आणि कोर्टाच्या फेऱ्या मागे लागतील, ही भीती लोकांत खोल होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६मध्ये मदत करणाऱ्यांच्या बाजूने मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा मदतनीसांना संरक्षण देणारे कलम १३४-अ आले. मार्च २०२१मध्ये राज्याच्या महामार्ग पोलिसांनी ‘मृत्युंजय दूत’ योजना सुरू केली. रस्त्यालगतचे गावकरी, ढाबेवाले, पेट्रोल पंपावरचे कामगार यांचे गट करून त्यांना प्रथमोपचाराचे शिक्षण द्यायचे आणि स्ट्रेचर पुरवायचे, असे तिचे स्वरूप आहे. त्याच वर्षी जुलैत चिपळूण पुरात बुडाले. रस्ते बंद पडल्यावर होड्या घेऊन धावलेल्या माणसांचे मोल तेव्हा पुन्हा दिसले.

या सेवेत तरुण विद्यार्थ्याचे, उदाहरणार्थ दंतवैद्यक शिकू पाहणाऱ्याचे, स्थान देशागणिक वेगळे आहे. अमेरिकेत १९२८ साली रोनोक येथे स्वयंसेवकांचे बचाव पथक निघाले आणि पुढे अशी पथके गावोगाव झाली. तिथे दंतवैद्यकाच्या प्रवेशासाठी गुणांबरोबर सेवेचा अनुभवही पाहिला जातो. त्यामुळे रुग्णवाहिकेवर स्वयंसेवा करणारा विद्यार्थी तो अनुभव अर्जात मांडतो. महाराष्ट्रात बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीचा प्रवेश आधी बारावीच्या गुणांवर, मग राज्याच्या सीईटीवर आणि २०१६ नंतर नीटच्या ७२० गुणांवर ठरत आला. खेडच्या दंत महाविद्यालयात जाऊ पाहणारा असो वा १९३३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात, प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राने त्याचा क्रमांक वर सरकत नाही. शिवाय बारावी आणि नीटच्या तयारीत शिबिराला वेळही उरत नाही.

ज्ञानाच्या बाजूने मात्र दंतवैद्यक आणि प्रथमोपचार यांचा संबंध जवळचा आहे. मुख व जबड्याची शस्त्रक्रिया हा बीडीएसचाच विषय. दुचाकीच्या अपघातात जबडा मोडून जीभ मागे पडली तर श्वास कोंडतो. मुळासकट निखळलेला दात दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे नेला, तर तो पुन्हा रुजण्याची आशा असते. प्रवेश परीक्षेत या कौशल्याला गुण नाहीत, म्हणून इथे स्वयंसेवा करणारे विद्यार्थी थोडे. जे येतात ते बहुधा एनएसएस, एनसीसी किंवा गावच्या मंडळातून येतात. रुग्णवाहिकेची वाट पाहणाऱ्या जखमीजवळचे काम आजही मुख्यतः गावकऱ्यांकडेच आहे.