बाळाच्या अंगचा कस

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘मुलांची रोगप्रतिकारशक्ती’ या विषयावर काही लिहावे, असे भगिनींनी सुचविले. शब्द मोठा भारदस्त आहे. आपल्या आज्या त्यालाच ‘अंगचा कस’ म्हणत. आपल्या बारामती-इंदापूरच्या मुलांत हा कस कशाने आला आणि कशाने गेला, हे पाहू लागले तर इतिहासातच शिरावे लागते.

आपले दोन्ही तालुके कमी पावसाचे. वर्षाला जेमतेम 20 इंच. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर येणाऱ्या गड्याला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा एवढीच मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविली. बायकांना व मुलांना त्याहूनही कमी. एक रत्तल म्हणजे अर्धा किलोसुद्धा भरत नाही, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची! पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. त्या दुष्काळात माणसे नुसत्या भुकेने मेली नाहीत. उपाशी अंगावर पटकी, हगवण, ताप यांनी घाला घातला, आणि त्यात लेकरे आधी गेली. अन्न आणि आजार यांचे नाते आपल्या मुलखाला असे फार महाग पडून कळले आहे.

पाऊस बरा झाला म्हणजे मात्र जिराईत घरचे ताट गरिबाचे असले तरी निकस नव्हते. बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, कारळ्याची चटणी, बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी, आणि परसातल्या शेवग्याचा पाला. दात येऊ लागलेल्या बाळाला भाकरी दुधात कुस्करून देत. दूध नसेल तर वरणाच्या पाण्यात. शेवग्याच्या पाल्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते, त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो, हे आज पुस्तकात सापडते. आजीला जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, पण पाला ठाऊक होता.

आता गुटीविषयी. सुंठ, वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, मुरडशेंग, अतिविष, जायफळ, ज्येष्ठमध, बदाम, खारीक. प्रत्येकाचे सहाणेवर ठरलेले वेढे. बाळ महिन्याचे असताना एक वेढा, मग वाढवत जायचे. पोटात वारा धरला तर मुरडशेंग जास्त, झोप नसेल तर जायफळ. ही विद्या तोंडी चालत आली आणि तिच्यात बाळाकडे रोज बारकाईने पाहण्याची सवय होती. तिचा खरा गुण मला त्यातच दिसतो. परंतु तिला सगळे माफ करता येणार नाही. जायफळाचा हात सैल सुटला तर मूल गुंगते. मुंबईत तर गिरणीत जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. त्यांना दोष काय द्यायचा? घरी बाळाजवळ कोणी नव्हते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये, असे आज डॉक्टर सांगतात. ज्या घरात सहाण-गुटी अजून निघते, तिथल्या आजीबाईंनी हे मनावर घ्यावे अशी माझी विनंती आहे. रागावल्या तरी चालेल.

कस कितीही असो, देवीपुढे त्याचे काही चालत नव्हते. देवी आल्या की घरात फोडणी बंद, दाराला कडुनिंबाचा डहाळा, बाळाला निंबाच्या पाल्यावर निजवायचे आणि शितळादेवीला नवस बोलायचा. तूप-दूध खाणाऱ्या वाड्यातली मुलेही जात, झोपडीतलीही जात. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली. पुढे खेडोपाडी लस टोचणारे फिरू लागले, तेव्हा आया मुलांना लपवून ठेवीत. तरी टोचणे थांबले नाही. 1975 नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही, आणि 1980 साली सगळ्या जगातून तो रोग गेल्याचे जाहीर झाले. थोरल्या मंडळींच्या दंडावरचे वण पाहावेत. पोलिओही तसाच लशीने हटला. 2014 साली भारत त्यातून मुक्त झाला. म्हणून ‘आमच्या मुलाला काढा देतो, त्याला लस कशाला?’ असे कोणी म्हणाले की मला गप्प बसवत नाही. काढ्याने घसा मोकळा होईल; देवी काही काढ्याने गेली नाही.

पाणी आले तशी ताटाची गोष्ट बदलली. नीरेचा डावा कालवा त्या मोठ्या दुष्काळानंतर काही वर्षांतच वाहू लागला. बागाईत आली, ऊस आला, 1930 नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. हाती पैसा खेळू लागला हे चांगलेच झाले. पण जिथे उसाचे फड झाले तिथे हुलगा, मटकी, कारळे मागे पडले आणि बांधावरची भाजीही गेली. सकाळी लेकराच्या हातात चहा-बिस्किट आले.

1972 चा दुष्काळ पुन्हा खडी फोडायला घेऊन गेला. सासूबाई तेव्हा कामावर जात. लाल मिलोच्या भाकरीला त्या अजून नाक मुरडतात. सुकडीचे मात्र नाव काढले की हसतात. बारामती तालुक्यात कामाच्या बदल्यात गहू व तेल देऊन पाझर तलावही बांधले गेले. राज्यभर त्या कामांवर एका वेळी 50 लाखांच्या आसपास माणसे होती, आणि 1877 सारखी प्रेते पडली नाहीत. दुष्काळ तितकाच कडक होता, फरक पोटात गेलेल्या घासाचा होता. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी अंगणवाडीची योजना सुरू झाली. आपल्या राज्यात मेळघाटातल्या धारणीला. लहान मुलाचे वजन, खाऊ आणि लस या तिन्ही गोष्टी तिथे एका छपराखाली आल्या.

शेवगा अजून आपल्याकडे पुष्कळ आहे. शेंगा बाजारात जातात आणि पाला शेळ्यांना टाकतात. कोवळा पाला खुडून, लसूण-मिरचीवर परतून, मुगाची डाळ घालून पाहा. दीड वर्षाच्या पोरासाठी मिरची वगळायची आणि डाळ जरा गुरगुटी शिजवायची.